विधुराचा ग्लास

पाकीट मी जिन्यातच फोडलं. दोघं मिळून उघडू, असं बायको सकाळी म्हणाली होती, माझ्याकडे न बघता, बुटाची नाडी बांधता बांधता. आणि मी हो म्हणालो होतो. तपासणीवाल्यांचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यापर्यंत मी सरळ माणसासारखा उतरलो. मग खिडकीपाशी थांबलो आणि पाकिटाची कड बोटाने फाडली. ती धड फाटलीही नाही, कुत्र्याने ओढल्यासारखी फाटली. आत एकच कागद. वरच्या ओळींत तिचं नाव, वय एकोणपन्नास, गाठ कुठल्या बाजूला, केवढी, तुकडा कधी काढला, असलं सगळं. आणि खाली एक शब्द, जो कळायला डॉक्टर असावं लागत नाही. त्याच्याखाली महिन्याच्या आत शस्त्रक्रिया करावी असा सल्ला, आणि एक सही, जिच्यातलं एकही अक्षर लागत नव्हतं. जिन्यातून एक बाई पोराचं बोट धरून वर गेली. पोर माझ्याकडे मागे वळून वळून बघत होतं. मी कागद घडीवर घडी घालून परत पाकिटात ठेवला, आणि पहिलं काय मनात आलं असेल तर हे, की पाकीट फाटलेलं दिसणार. बायकोला गाठ निघाली आणि हा पाकिटाच्या कडेची काळजी करतोय. असा मी आहे, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची फसवणूक नको.

पावणेपाच वाजले होते. ती सहाला घरी येते. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कापड बेतते आणि कापते. वीस वीस थर एकावर एक ठेवून एकाच हाताने, एकाच रेघेवर. घर तिथून पंधरा मिनिटांवर. माझ्यापाशी सव्वा तास होता. अशा वेळी पाय आपोआप वळले असं लिहायची पद्धत आहे. पाय आपोआप वळत नाहीत. मीच वळलो. बारा वर्षं रोज कामावरून सुटल्यावर जिथे वळतो तिथे वळलो, आणि दार ढकलून आत गेल्यावर, मागे ते दार स्प्रिंगने बंद झाल्याचा आवाज आला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की जगातली ही एकच जागा आहे जिथे मला आजचं सांगता येणार नाही. कारण इथे माझी बायको मेलेली आहे. बारा वर्षांपूर्वीच.

बार म्हणायचं म्हणून बार. सहा उंच स्टुलं, दोन टेबलं, पिवळ्या काचेचे चार दिवे, आणि कोपऱ्यात एक शेगडी, जिच्याजवळची जागा मिळावी म्हणून म्हातारी माणसं चारला पाच कमी असतानाच दारात उभी राहतात. मालकाला सगळे कंपाउंडर म्हणतात, कारण तो होता कंपाउंडर, ह्याच जागेत, चाळीस वर्षं, एका डॉक्टरच्या हाताखाली. डॉक्टर गेला, दवाखाना बंद पडला, तेव्हा ह्याने जागा घेतली आणि फर्निचरही घेतलं. औषधं द्यायची लाकडी खिडकी अजून तशीच आहे; दारू त्या खिडकीतूनच मिळते. मापाचे काचेचे पेले तेच. जाड काचेच्या ग्लासांना बाहेरून कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवलेली असते, पूर्वी मिक्श्चरच्या बाटलीला असायची तशी, आणि एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत दहा मिनिटांच्या आत पोचलं तर कंपाउंडर चष्म्यावरून बघतो. दुकान चार ते पावणेआठ. आठनंतर माणूस पितो, आठच्या आत घेतो, हा त्याचा हिशेब. यादी नाही, पाटी नाही. पहिल्या वेळी आलेल्या माणसाला तो जीभ दाखवायला सांगतो. काही जण तिथूनच परत फिरतात. जे दाखवतात त्यांना दोन-चार प्रश्न विचारून, वरखाली बघून तो ठरवतो ह्याला काय झालंय, मागे वळून काहीतरी ढवळतो, हलवतो, कानाजवळ धरून ऐकतो, आणि मग त्या माणसाचं कार्ड लिहितो. त्या कार्डावर जे लिहिलं तेच तुम्हाला जन्मभर. बदल नाही. एकदा एका वकिलाने दुसऱ्याच्या ग्लासाकडे बोट दाखवून मला ते द्या म्हटलं, तर कंपाउंडर म्हणाला, त्यांचा पाय मोडलाय, तुमचा मोडून या. कार्डं लाकडी खणात असतात, नावाने नाही, दुखण्याने लावलेली. झोप न येणारे. नोकरी गेलेले. घर विकलेले. जोडीदार गेलेले. माझं कार्ड शेवटच्या कप्प्यात आहे.

ते तिथे गेलं ते एका कोटामुळे. बायकोच्या कारखान्यात कुठल्याशा बँडवाल्यांचे गणवेश शिवले होते, गर्द हिरव्या कापडाचे, पितळी बटणांचे. उरलेल्या कापडातून तिने स्वतःसाठी कोट बेतला. असला कोट अख्ख्या शहरात दुसरा नाही. रस्त्याने चालली की वाटतं मागून वाजंत्री येतायत. त्या दिवशी तो धुलाईवाल्याकडून मी आणत होतो, हँगरला लावलेला, वर पातळ कागद. सकाळी आमचं वाजलं होतं, कशावरून ते आता आठवत नाही, पण मी तीन दिवस बोलणार नव्हतो हे ठरलेलं होतं, त्यामुळे चेहरा तसाच असणार. नवं दुकान दिसलं, दिवे उबदार होते, म्हणून आत शिरलो. तर पांढरा डगला घातलेला एक म्हातारा काउंटरमागून बाहेर आला आणि म्हणाला, ये, फुलवाल्याचा फोन आला होता, तुझीच वाट बघत होतो. चौकातल्या फुलवाल्याने एका माणसाला त्याच्याकडे पाठवलं होतं. आदल्या दिवशी ज्याची बायको गेली अशा माणसाला. मला काय माहीत. म्हाताऱ्याने माझ्या हातावरचा कोट उचलला, दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल उचलावं तसा. तिचा का, असं हळूच विचारलं. मी मान हलवली. त्याने तो शेगडीपासून लांब, एकट्या खुंटीवर टांगला, कागदाची सुरकुती बोटाने सरळ केली. माझ्या हातून कुठलीही वस्तू कुणी कधी अशी घेतली नव्हती. मी जीभ दाखवली. त्याने कसलासा कडू अर्क, जिन, आणि काडी ओढून जाळलेली संत्र्याची साल असं काहीतरी केलं, बर्फ नाही, आणि खिडकीतून पुढे सरकवत म्हणाला, बायको गेली की तीन महिने जिभेला कडूच तेवढं कळतं. तेव्हा मला कळलं. आणि नीट ऐका, तेव्हा मला वेळ होता. तोंड उघडलेलं होतं. अहो, काहीतरी चुकतंय, एवढंच म्हणायचं होतं. मी घोट घेतला.

खरा विधुर आलाच नाही. वर्षभराने मी फुलवाल्याकडे सहज चौकशी केली, तर त्या विधुराने दुसरं लग्न केलं होतं, आणि फुलं तिथूनच नेली होती. म्हणजे जागा रिकामीच होती, मी कुणाची घेतली नव्हती, असं मी स्वतःला सांगायचो. भेकडाला असली वाक्यं पटापट सुचतात. पहिले आठ दिवस मी म्हणत होतो, उद्या सांगू. मग सांगायला उशीर झाला. मग तो विषयच राहिला नाही. मूलबाळ नसल्यामुळे खोटं सोपं गेलं. शर्टाला इस्त्री कशी, फोन कुणाचा, ह्यासाठी एक बहीण घरी आणून ठेवली; माझी बायको त्या दुकानात माझी बहीण झाली. मी पाण्याच्या मीटरच्या वर्कशॉपमध्ये आहे. दिवसभर बाकावर मीटरं लावायची, टाकीतलं मोजलेलं पाणी त्यांच्यातून सोडायचं आणि काटा खरं सांगतोय की खोटं ते ठरवायचं. काही मीटरं अशी येतात की आत वाळूचा एखादा कण अडकलेला असतो. पाणी वाहतं, चकती फिरत नाही. काचेतून बघितलं तर सगळं शांत. घरातले सगळे नळ चालू असतात आणि मीटर म्हणतं काहीच झालं नाही. मी त्यावर लाल चिठ्ठी लावतो आणि बाजूला ठेवतो. तीस वर्षं हेच काम केलं, आणि एकाही दिवशी मला ह्यात काही दिसलं नाही. दिसलं असतं तर आज लिहायची वेळ आली नसती.

कारण सुख होतं. तेच तर सांगायचंय आणि तेच सांगता येत नाही. घरी मी फारसा बोलत नाही. ती बोलते, मी हं म्हणतो, ती विचारते ऐकतोयस का, मी पुन्हा हं म्हणतो. बारमध्ये मी तिच्याबद्दल तास तास बोललो. तिचे हात, कापड कापताना दातात धरलेली जीभ, ती खोटं हसते तेव्हा उजव्या गालाला पडणारी घडी. हे सगळं खरं होतं आणि हे सगळं मी तिला कधी सांगितलं नाही, शेगडीजवळ बसलेल्या भूगोलाच्या निवृत्त मास्तरांना सांगितलं. मास्तर डोळे पुसायचे. मग मी घरी जायचो आणि ही बाई जिवंत असायची, बटाटे सोलत असायची, विचारायची की येताना साबण आणलास का, आणि मला तिचा राग यायचा. खरंच यायचा. मेलेली किती समजूतदार होती. मेलेली साबण विचारत नसे. तिच्या मरणालाही मी हळूहळू आकार दिला. नुसतं गेली म्हणून किती दिवस चालेल. लोक मायेने विचारतात. मग ताप आला, तिसऱ्या दिवशी मी कपाळावर हात ठेवला, आणि ती म्हणाली, खिडकी उघड, आत खूप माणसं झालीत. आम्ही दोघंच होतो खोलीत. हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कंपाउंडरने हातातला पेला खाली ठेवला. दर वर्षी कोट आणल्याच्या त्या तारखेला कंपाउंडर माझ्या शेजारच्या स्टुलावर कुणाला बसू देत नाही, आणि तिथे एक ग्लास पाणी ठेवतो. कवळ्या बनवणारी बाई त्या दिवशी लवकर येते आणि माझ्या पाठीवर हात ठेवते. तिचा नवरा गेलाय, खराखुरा. मी तो हात बारा वर्षं पाठीवर घेतला आहे. आणि त्या तारखेच्या आसपास माझ्या बायकोला हमखास बाहेर जेवायला जावंसं वाटतं, कारण तेव्हाच तिचा वाढदिवस असतो. एकदा हिरवा कोट घालून तयार झाली आणि म्हणाली, तुझ्या त्या दुकानात ने की, मला पण जीभ दाखवू दे. मी म्हणालो, तिथे धूर असतो. तिला लांबच्या रस्त्याने, दोन पूल ओलांडून भलतीकडेच नेलं. तेव्हापासून आम्ही कुठेही गेलो तरी लांबच्या रस्त्याने जातो. तिने कधी विचारलं नाही का. रोज घरी गेलो की वास घेऊन एवढंच म्हणते, आलास संत्रं खाऊन.

तर आज मी माझ्या स्टुलावर बसलो. मास्तर शेगडीशी पाय लांब करून, कवळीवाली भिंतीकडून दुसऱ्या स्टुलावर, तिच्या बोटांना नेहमीसारखी पांढरी पूड. खिशातल्या पाकिटाचा कोपरा मांडीला टोचत होता. कंपाउंडरने साल जाळली, ग्लास खिडकीतून ठेवला, पण हात काढला नाही. ग्लास त्याच्या बोटांत आणि माझ्या बोटांत, असा मध्येच. म्हणाला, जीभ दाखव. बारा वर्षांत त्याने पुन्हा कधी सांगितलं नव्हतं. मास्तर हसले, म्हणाले, काय कंपाउंडर, ह्याचं कार्ड हरवलं काय. मी जीभ काढली, मूर्खासारखी, बावन्न वर्षांचा माणूस. त्याने दिव्याकडे मान वळवायला लावली, बघितलं आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, आज खरं काहीतरी झालंय.

खरं. हा शब्द त्याने जोर न देता म्हटला, जसं आपण आज वारा आहे म्हणतो. पण तो माझ्या आत जाऊन कुठेतरी आडवा बसला. आज खरं म्हणजे काय. मग इतके दिवस काय. मी ग्लास उचलला, पहिल्या खाचेपर्यंत प्यालो. कडू लागलं नाही. काहीच लागलं नाही. कवळीवाली मास्तरांना तिच्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होती, ज्याला हसल्यावर अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात दिसतील अशी कवळी हवी होती, पैसे दिलेत तर दिसायला नकोत का म्हणून. मास्तर हसत होते. दिवा पिवळा होता. सगळं रोजच्यासारखं मऊ होतं, आणि त्या मऊपणाच्या आत मला श्वास घेता येईना. मी इथे रडलो असतो तर हे तिघं उठून आले असते. इतके चांगले आहेत. आले असते आणि बारा वर्षांपूर्वी मेलेल्या बाईसाठी त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला असता. आणि जी आत्ता कात्री खाली ठेवत असेल, कोट चढवत असेल, तिच्यासाठी माझ्यापाशी एक अश्रू शिल्लक नव्हता, आणि तो आणावा कुठून तेही कळेना. मी इथेच सगळे खर्च केले होते, खोट्यावर. त्याहून वाईट एक विचार मागे उभा होता. मी त्याच्याकडे बघत नव्हतो. मी इतकी वर्षं तिला मारून मारून सांगितलं, म्हणून तर नव्हे. मी मीटर तपासणारा माणूस आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. विश्वास नाही आणि तळहात ओले झाले.

तेवढ्यात फोन थरथरायला लागला. काउंटरवर पालथा ठेवला होता, तो सरकत सरकत मास्तरांच्या बाजूला गेला. त्यांनी सुलटा करून बघितला. घर, असं नाव होतं; बायकोचा नंबर मी त्याच नावाने ठेवलाय. अरे, बहिणीचा फोन, घे, वाट बघत असेल, असं म्हणून त्यांनी तो माझ्यापुढे धरला. बहीण हा शब्द मी स्वतःच ह्या दुकानात आणला होता, पण त्या क्षणी दुसऱ्याच्या तोंडून तो मला इतका घाण वाटला की मी म्हणालो,

"ती बहीण नाही. बायको आहे."

फोन थांबला. मग मास्तरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आई गेल्यावर सहा महिने मी तिच्यासाठी वर्तमानपत्र बाजूला ठेवत होतो, म्हणाले, होतं असं, घाबरू नको. कवळीवालीने पाण्याचा ग्लास पुढे केला. भाऊ, पाणी घे आधी. मी म्हणालो, अहो ती जिवंत आहे, पहिल्यापासून आहे, इथून पंधरा मिनिटांवर राहते. तर मास्तरांचा हात गुडघ्यावर आणखी घट्ट झाला. किती प्रेमळ होता तो हात. मला तो तोडून टाकावासा वाटला. मी काहीही बोललो असतो तरी त्या हाताने ते पुसून घेतलं असतं, फडक्यासारखं. शेवटी मी पाकीट काढलं आणि कागद काउंटरवर उघडा टाकला. पहिल्यांदा माझ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी तो वाचला, आणि ती कोण, तर कवळीवाली. तिने बोटांची पूड फडक्याला पुसली, चष्मा कपाळावरून खाली घेतला. नाव वाचलं. वय वाचलं. तारीख वाचली, मागच्या आठवड्यातली. खालच्या शब्दाशी थांबली. मला वाटलं, आता हिचा हात माझ्या पाठीवर येणार, आणि लाजच काढायची तर सांगतो, मी पाठ थोडी तिच्याकडे वळवलीही होती. तिने कागद घडी करून परत माझ्यापुढे ठेवला.

"खिडकी माझी होती," ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही. ती काउंटरच्या लाकडाकडे बघून बोलत होती. पहिल्या वर्षी मी तुला सांगितलं होतं, म्हणाली, ह्याच शेगडीजवळ, तू नवा होतास म्हणून. खिडकी उघड, आत खूप माणसं झालीत, असं माझा नवरा म्हणाला होता. पुढे तू तुझ्या बायकोचं सांगितलंस तेव्हा मला वाटलं, सगळेच जाताना असं म्हणत असतील. मला बरं वाटलं होतं. इतकं बरं वाटलं होतं की घरी जाऊन मी शांत झोपले. मग तिने पर्स उचलली, ग्लास अर्धा तसाच ठेवला, आणि जाताना माझ्यामागून गेली, पण स्टुलाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून. मला शपथेवर विचारा, मला आठवत नव्हतं की ते तिचं आहे. मला ते माझंच वाटायला लागलं होतं. कपाळावर ठेवलेला तळहात अजून गरम वाटतो मला, जो मी कुठेच ठेवलेला नाही. मास्तरांनीही हात काढून घेतला होता. ते शेगडीकडे तोंड करून बसले, दोन्ही पंजे पुढे धरून, जणू थंडी वाजतेय.

कंपाउंडर सगळा वेळ मापाचा पेला पुसत होता. आता त्याने तो पालथा घातला, खण ओढला, शेवटच्या कप्प्यातून कार्ड काढून दिव्याखाली ठेवलं. बारा वर्षांत मी ते कधी बघितलं नव्हतं; कुणीच आपलं कार्ड बघत नाही. दवाखान्यातल्या त्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, पुरुष, चाळीस, बायको गेली, कडू, साल जाळून, बर्फ नको, रोज एक. त्याच्याखाली वेगळ्या शाईत, तीन वर्षांनंतरच्या तारखेने, एक ओळ होती. बायको आहे. औषध तेच चालू ठेवावे.

मी ती ओळ वाचत राहिलो. तो म्हणाला, भाजी आणायला गेलो होतो, तर तो कोट समोरून चालत येत होता. आत बाई होती. माझ्या हाताने टांगलेला कोट मी विसरेन काय. तो अगदी सहज सांगत होता. मी विचारलं, मग बोलला का नाहीत. त्याने नाक ओढलं. निदान माझं चुकलं होतं, म्हणाला, पण गुण आला होता. तू यायचास तेव्हा तोंडावर मरगळ असायची, जाताना रंग असायचा. चाळीस वर्षं डॉक्टरच्या हाताखाली काढली. गुण आलेलं औषध निदान चुकलं म्हणून कुणी बंद करत नाही. तुला बायको नसण्याचा गुण येत होता, तर मी कोण तिला जिवंत करणार.

हे तो रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्याच्या अंगावर धावून जाता आलं असतं. तो नेहमीसारखाच मायेने म्हणाला. मी म्हणालो, ते कार्ड फाडा. तो म्हणाला, कार्ड फाडत नसतात. माणूस मेला की काढतो. मी म्हणालो, मला नवं करून द्या, आजचं, हे काय झालंय त्याचं. नवं कार्ड नव्या माणसाला, म्हणाला. आणि तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते मी विचारलं नसतं तर बरं होतं. पण मी विचारलं.

"आणि ती गेली तर?"

त्याने कार्ड उचललं, खणात जागा शोधली, बोटाने शेजारची दोन कार्डं बाजूला करून नीट सारलं.

"तर कार्ड बरोबर आहे," तो म्हणाला, आणि खण बंद केला.

ग्लासात शेवटच्या खाचेखाली थोडं उरलं होतं. मी ते पिऊन टाकलं. हेही सांगायला हवं. मी ग्लास भिंतीवर फेकला नाही, पालथा केला नाही, रिकामा केला आणि नेहमीसारखा खिडकीत ठेवला. बाहेर अजून उजेड होता. बारा वर्षांत पहिल्यांदा मी बारपासून घरापर्यंत सरळ रस्त्याने तिच्याबरोबर चाललो, म्हणजे तिचा कागद खिशात घेऊन. वाटेत फुलवाल्याची जागा लागली, तिथे आता किल्ल्या करून देणारा बसतो. जाताना मी वाक्यं जुळवत होतो. हे बघ, आजकाल औषधं आहेत. हे बघ, महिन्याच्या आत. हे बघ, मी आहे. प्रत्येक वाक्य मला ओळखीचं वाटत होतं, कारण प्रत्येक वाक्य माझं शेगडीजवळ कधी ना कधी बोलून झालं होतं, मी तिला तेव्हा असं म्हणालो होतो, म्हणून. मी एकही नवं शोधू शकलो नाही. किल्लीवाल्याच्या यंत्राचा किरकिर आवाज बराच लांबपर्यंत येत राहिला.

ती आली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती, हिरवा कोट अंगातच, बटणं लावलेली, पर्स मांडीवर. परगावी निघालेल्या माणसासारखी. फोन का नाही घेतलास असं तिने विचारलं नाही. मी पाकीट पुढे ठेवलं. तिने फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, एकदा, वाईट कापलेल्या कापडावरून फिरवते तसा. मग कागद काढून वाचला, ओठ हलवत, आधी वरून खाली आणि मग फक्त खालचं. घडीवर घडी घालून परत ठेवला. मला माहीत होतं की आता उठून तिच्याजवळ जायचं. हात उचलून कपाळावर ठेवायचा, दुसरं काही करायचं नव्हतं, दीड हाताचं अंतर होतं. हात मांडीवर पडून होता. मी तो बघत होतो. वाहतं पाणी ऐकू येत होतं, सगळे नळ चालू होते, आणि काचेमागे काही फिरत नव्हतं.

तिने वास घेतला, सवयीने. संत्र्याचं काही म्हणाली नाही. मान वर करून माझ्याकडे बघत राहिली, शिवण तपासते तशी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. माझा चेहरा कोरडा होता. तिला त्यात जे दिसायचं ते दिसलं असावं.

"तुझं रडून झालेलं दिसतंय," ती म्हणाली. "माझं अजून व्हायचंय. तेवढा थांब."

आणि तिने गळ्याजवळचं पितळी बटण काढायला घेतलं. ते निघेना. मी उठलो नाही. ती दोन्ही हातांनी ते काढत राहिली.